मागणीपासून शासननिर्णयापर्यंत : कळवण परिसरातील दबावगटांची भाषा

१. विषयप्रवेश

राज्यकारभाराचा विचार करताना आपली दृष्टी सामान्यतः राज्यघटना, विधिमंडळ, मंत्रिमंडळ आणि न्यायालये ह्यांवर खिळते. पाच वर्षांतून एकदा मत देणारा नागरिक एका टोकास आणि कायदा करणारे शासन दुसऱ्या टोकास, ह्या दोहोंच्या दरम्यान जी गजबजलेली जागा आहे, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष तसे उशिराच गेले. अमेरिकेत आर्थर बेंटली ह्यांनी १९०८ साली 'द प्रोसेस ऑफ गव्हर्नमेंट' ह्या ग्रंथात शासनव्यवहार हा मूलतः गटांच्या परस्पर दाबांचा व्यवहार होय, अशी भूमिका मांडली. डेव्हिड ट्रूमन ह्यांनी १९५१ मध्ये तीच भूमिका विस्ताराने विकसित केली. भारतापुरता हा विषय मायरन वायनर ह्यांनी 'द पॉलिटिक्स ऑफ स्कार्सिटी' (१९६२) ह्या ग्रंथात हाती घेतला.

दबावगट म्हणजे काय, ह्याचे साधे उत्तर असे देता येईल : समान हितसंबंध असलेल्या व्यक्तींचा जो संघटित समूह स्वतः सत्ता हाती न घेता सत्ताधाऱ्यांच्या निर्णयावर परिणाम घडवू पाहतो, तो दबावगट. पक्ष सत्ता मागतो. दबावगट निर्णय मागतो. ही सीमारेषा कागदावर जितकी स्वच्छ दिसते तितकी व्यवहारात राहत नाही, हे पुढे दिसेलच.

राज्यशास्त्राच्या ह्या क्षेत्रात भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने शिरण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रयोजन असे की, दबावगटाचे बळ आपण सभेतील डोकी मोजून ठरवितो. परंतु त्या बळाचे फळ अखेर शब्दांच्या रूपानेच हाती येते. कोणत्याही गटाला शासनाकडून मिळते ते प्रथम एक वाक्य असते. ते वाक्य आश्वासनाचे असेल, इतिवृत्ताचे असेल, शासननिर्णयाचे असेल किंवा कायद्यातील कलमाचे असेल. गाऱ्हाण्याचे रूपांतर शासनाला अंमलात आणता येईल अशा शब्दांत करणे आणि त्या शब्दांवर शासनाला बांधून घेणे, हेच दबावगटाचे खरे कार्य होय, आणि त्याच्या यशापयशाचा निवाडा बहुधा तेथेच होतो, असे ह्या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील कळवण आणि त्याच्या शेजारचा मुलूख उदाहरणादाखल घेतला आहे.

२. परिसर आणि हितसंबंध

कळवण तालुका नाशिक जिल्ह्याच्या वायव्य भागात, गिरणेच्या वरच्या खोऱ्यात वसलेला आहे. सप्तशृंगगड ह्याच तालुक्यात येतो. चणकापूर व पुनद ही धरणेही येथलीच. पश्चिमेस सुरगाणा, दक्षिणेस दिंडोरी, पूर्वेस देवळा, उत्तरेस बागलाण असे हे शेजार आहेत. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात हा तालुका मोडतो. कोकणा, भिल्ल, महादेव कोळी आदी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. घरात कोकणा बोली, भिली किंवा अहिराणी, बाजारात अहिराणी-मराठी आणि कचेरीत लेखी मराठी, अशी भाषेची चढती पायरी येथील माणूस रोज चढतो-उतरतो. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ह्या मुलुखात दोन हितसंबंध ठळकपणे दिसतात. गिरणेकाठच्या बागायती पट्ट्यात कांदा हे रोख पैशाचे पीक आहे. उन्हाळ कांदा चाळीत साठवायचा आणि भाव पाहून कळवण, अभोणा, उमराणे, पिंपळगाव येथल्या लिलावात न्यायचा, हा तेथील क्रम. पश्चिमेकडील डोंगराळ भागात मुख्य प्रश्न जमिनीचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कागदोपत्री वनखात्याची असल्याने कसणाऱ्याचे नाव सरकारी दप्तरात नाही, ही तेथील व्यथा होय. पहिल्या हितसंबंधास शासनाकडून भाव हवा आहे. दुसऱ्यास नोंद हवी आहे.

कांद्याच्या प्रश्नात आणखी दोन घटक गुंतलेले आहेत : व्यापारी आणि शहरातील ग्राहक. मॅन्कर ओल्सन ह्यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, लहान व प्रत्येकी मोठा लाभ असलेले गट सहज संघटित होतात. मोठ्या व विखुरलेल्या गटांत मात्र 'दुसरा झटेल, फळ मलाही मिळेल' ही वृत्ती बळावते. कांदा व्यापाऱ्यांच्या बाबतीत ह्या सिद्धान्ताचा पडताळा येतो. केंद्र शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसविल्यावर नाशिक जिल्ह्यातील व्यापाऱ्यांनी लिलाव थांबविले, आणि पुन्हा २० सप्टेंबरपासून सुमारे दोन आठवडे ते बंद ठेवले. मोजक्या परवानाधारकांनी बोली लावण्याचे थांबविताच जिल्ह्याचा व्यवहार अडला. उत्पादकांना असे एका दिवसात थांबता येत नाही; चाळीतला कांदा सडू लागतो.

ग्राहक मात्र सर्वांत असंघटित असूनही शासन त्याला सर्वांत अधिक भिते, हा येथला अपवाद अभ्यासण्याजोगा आहे. कांदा ग्राहकांची अशी बलाढ्य संघटना कोठे नाही. तथापि १९९८ मध्ये दिल्ली राज्याच्या निवडणुकीत कांद्याच्या भाववाढीने सत्ताधाऱ्यांना दिलेला फटका कोणताही पक्ष विसरलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातीवर पूर्ण बंदी आली ती ह्याच भीतीपोटी. ती ४ मे २०२४ रोजी, म्हणजे लोकसभेच्या निवडणुकीचे मतदान चालू असताना उठली. कळवण ज्यात येते त्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या, तेव्हा कांदाउत्पादकांचा रोष हे त्याचे एक कारण म्हणून सर्वत्र सांगितले गेले. निर्यातशुल्क अखेर १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. मतपेटी हाही दाबाचा एक मार्ग आहे. परंतु तिला स्वतःचे वाक्य नसते. मतदाराने काय म्हटले ह्याचा अर्थ इतरांनी लावायचा असतो. म्हणूनच दबावगटांची गरज निवडणुकीने संपत नाही.

३. शासनाची दारे आणि प्रत्येक दाराची भाषा

ट्रूमन ह्यांच्या विवेचनात 'प्रवेश' ही कल्पना मध्यवर्ती आहे. निर्णय जेथे होतो तेथवर पोहोचणे ही प्रत्येक गटाची पहिली गरज असते. आपल्याकडे ही दारे ढोबळपणे चार आहेत : कचेरी, विधिमंडळ, न्यायालय आणि रस्ता. प्रत्येक दाराशी वेगळी भाषा बोलावी लागते, आणि मराठीने ह्या प्रत्येक कृतीसाठी जे शब्द स्वीकारले त्यांच्या पूर्वेतिहासात दाबाचा इतिहास साठलेला आहे.

कचेरीच्या दाराशी 'अर्ज' आणि 'निवेदन' हे शब्द आहेत. 'अर्ज' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द. त्यात खालच्याने वरच्यापुढे विनंती मांडण्याचा भाव आहे. 'निवेदन' ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ केवळ कळविणे, जाणवून देणे. अर्जाकडून निवेदनाकडे झालेला प्रवास हा प्रजेकडून नागरिकाकडे झालेला प्रवास म्हणावयास हरकत नाही. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने हा मार्ग महाराष्ट्रात रूढ केला. सभेचे सभासद लोकांकडून मुखत्यारपत्रे घेऊन निवडले गेले होते. 'आम्ही कोणाच्या वतीने बोलतो' ह्या प्रश्नाचे लेखी उत्तर सभेने आधीच तयार ठेवले होते, ही तिची दूरदृष्टी होय.

'मागणी' ह्या शब्दात 'मागणे' हा धातू आहे, आणि मागणाऱ्याचा हात खाली असतो, ही जाणीव मराठी मनात खोल रुजलेली आहे. शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेने 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा दिली ती ह्या जाणिवेवरच घाव घालणारी होती. घोषणेत भावाची मागणी आहे, पण ती मागण्याच्या भाषेत केलेली नाही. ती येणे वसूल करण्याच्या भाषेत आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये कांदा व ऊस ह्यांच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते व रेल्वे रोखण्यात आली आणि खेरवाडी येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मृत्युमुखी पडले. 'उत्पादनखर्चावर आधारित भाव' हा शब्दप्रयोग त्यानंतर शासनाच्या शब्दकोशातही आला. त्यापूर्वी शेतकऱ्याचे दुःख दैवाच्या व दारिद्र्याच्या भाषेत सांगितले जात होते. ह्या एका शब्दप्रयोगाने ते हिशेबाच्या भाषेत आले, आणि हिशेबाला उत्तर देणे शासनास भाग पडते.

रस्त्याच्या दाराशी असलेले शब्द लढाईचे व सावकारीचे आहेत. 'मोर्चा' हा मूळचा फारसी शब्द तोफा लावण्याच्या जागेचा, तटबंदीचा. 'धरणे' हा सावकाराने ऋणकोच्या दाराशी अन्नपाणी वर्ज्य करून बसण्याचा जुना प्रघात. दोन्ही शब्द आता निःशस्त्र झाले आहेत, तरी समोरच्याला त्याच्याच दाराशी अडविण्याचा त्यांतील मूळ भाव शिल्लक आहे. वायनर ह्यांचे एक निरीक्षण येथे महत्त्वाचे आहे. सुव्यवस्था धोक्यात येईपर्यंत शांत निवेदनाकडे दुर्लक्ष करावयाचे आणि मग घाईने सवलत द्यावयाची, ही शासनाची सवयच गटांना रस्त्यावर उतरण्यास शिकविते, असे त्यांनी १९६२ मध्ये नोंदविले होते. आजही त्यात फारसा बदल करावा लागेल असे वाटत नाही.

४. 'अतिक्रमण' ते 'हक्क'

पश्चिम कळवण-सुरगाण्याच्या जमिनीच्या प्रश्नात एका शब्दाच्या बदलाने काय घडते, ह्याचे उत्तम उदाहरण सापडते. वनखात्याच्या दप्तरात जंगलातील जमीन कसणारा हा 'अतिक्रमणदार' होता. मे २००२ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने अतिक्रमणे हटविण्याचे परिपत्रक काढले, आणि देशभरातील आदिवासी संघटना त्याविरुद्ध एकत्र आल्या. त्या चळवळीतून, डाव्या पक्षांच्या संसदेतील बळाचा उपयोग होऊन, 'अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६' जन्मास आला.

कायद्याच्या नावातील 'मान्यता' हा शब्द काळजीपूर्वक वाचावा. शासन येथे हक्क 'देत' नाही; आधीपासून असलेला हक्क 'मान्य' करते. दिलेली गोष्ट देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. मान्य केलेली गोष्ट मान्यतेपूर्वीही अस्तित्वात होती, असे गृहीत धरलेले असते. कायद्याच्या प्रास्ताविकेत वननिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाचा उल्लेखही आहे. कालपर्यंत ज्याच्यावर आरोप होता त्याच्यावर अन्याय झाला होता, असे राज्यसंस्थेनेच म्हणणे, हा केवळ औपचारिक बदल नव्हे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, हक्क मान्य करण्याची तरतूद ह्या कायद्यात आहे.

२००८ च्या नियमांत पुराव्याच्या यादीमध्ये सरकारी कागदपत्रांबरोबर गावातील वृद्धांचे लेखी घेतलेले निवेदनही ग्राह्य धरले आहे. बोलीत सांगितलेली आठवण ही येथे शासनाच्या दृष्टीने पुरावा ठरली. परंतु ती 'लेखी घेतलेली' असावयास हवी. कोकणा बोलीत सांगितलेली हकीकत कोणी तरी मराठी दाव्याच्या नमुन्यात उतरवावी लागते. ओढ्याच्या अलीकडची, मोहाच्या झाडापासून बांधापर्यंतची जमीन गट क्रमांकात व क्षेत्रफळात बसवावी लागते. हा दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडून उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. ह्या प्रवासात प्रत्येक पायरीवर भाषांतर होते आणि प्रत्येक भाषांतरात काही तरी गळते. मे २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालील अधिकार वापरून विभागीय स्तरावर अपिलाची सोय केली, ती जिल्हास्तरावर फेटाळलेल्या दाव्यांसाठीच.

५. पायी चाललेली मागणी : २०१८ ते २०२३

कायदा झाला तरी दावे पडून राहिले. ६ मार्च २०१८ रोजी अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली नाशिकहून मुंबईकडे हजारो शेतकरी पायी निघाले. सुरगाणा, कळवण, पेठ, दिंडोरी ह्या तालुक्यांतील आदिवासी स्त्रीपुरुषांचा त्यांत मोठा भरणा होता. सुमारे १८० किलोमीटर अंतर चालून ते १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानात पोहोचले. आदल्या रात्री सोमय्या मैदानावर मुक्काम न करता त्यांनी रात्रीतूनच वाट धरली, कारण सकाळी शहरातील मुलांची दहावीची परीक्षा होती. ह्या एका कृतीने शहराचे मत मोर्चाच्या बाजूस वळले. रस्ता अडविण्याचे सामर्थ्य असूनही ते न वापरणे, हाही दाबाचाच एक प्रकार ठरला. त्याने मोर्चेकऱ्यांचा नैतिक अधिकार वाढविला. त्याच दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांच्याशी बोलणी झाली आणि वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकालात काढण्याची हमी लेखी मिळाल्यावर मोर्चा विसर्जित झाला.

कळवणचे तत्कालीन आमदार जे. पी. गावित हे ह्या मोर्चाच्या अग्रभागी होते. पक्ष आणि दबावगट ह्यांतील सीमारेषा व्यवहारात पुसट होते असे आरंभी म्हटले, त्याचे हे उदाहरण. एकच व्यक्ती विधिमंडळाच्या आतल्या आणि बाहेरच्या, अशा दोन्ही दारांशी उभी असते. ह्याने गटाला प्रवेश सुलभ होतो. त्याचबरोबर गटाचे यश पक्षाच्या खाती जमा होईल, ह्या शंकेने इतर पक्ष सावध होतात.

सहा महिने उलटले. फेब्रुवारी २०१९ मध्ये अंमलबजावणीसाठी नाशिकहून दुसरा मोर्चा निघाला व नव्या लेखी हमीनंतर तो शहराजवळच थांबला. मार्च २०२३ मध्ये तिसरा मोर्चा दिंडोरीहून निघाला. ह्या तिसऱ्या मोर्चाच्या मागणीपत्रकातील शब्दयोजना पाहिली म्हणजे मधल्या पाच वर्षांत गट काय शिकला हे ध्यानी येते. आता मागणी नुसत्या जमिनीची राहिली नव्हती. कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्याच्या कब्जेदार सदरी लावावे आणि सर्व जमीन कसण्यालायक असल्याचा शेरा उताऱ्यावर मारावा, अशी ती मागणी होती.

बाहेरच्या वाचकास हा तपशील क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याचे नाव 'इतर हक्कां'त आहे तो जमिनीशी संबंधित असलेला इसम असतो. ज्याचे नाव कब्जेदार सदरी आहे तो दप्तराच्या दृष्टीने शेतकरी असतो. उताऱ्यावर जमीन 'पोटखराबा' म्हणून नोंदली गेली, तर तेथे पिकलेले धान्य कागदावर पिकलेलेच नसते. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई हे सारे त्या उताऱ्याला चिकटलेले असते. ह्याच मोर्चाच्या सुमारास शासनाने कांद्यास क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले, तेव्हा त्यासही सातबाऱ्यावरील कांद्याच्या पीकनोंदीची अट होती. ज्याचा सातबाराच अपुरा, त्याच्या कांद्याचे काय? कांद्याचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न येथे एकाच रकान्यात येऊन मिळतात. हजारो माणसे दिवसेंदिवस चालली ती एका उताऱ्यावरील एका सदरासाठी, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मोर्चा ठाणे जिल्ह्यातील वासिंद येथे पोहोचला असता मुख्यमंत्री एकनाथ शिंदे ह्यांच्याशी बोलणी झाली आणि त्यांनी विधानसभेत निवेदन केले. वनहक्काच्या प्रश्नासाठी समिती नेमण्याचे ठरले व तीत गावित आणि आमदार विनोद निकोले ह्यांचा समावेश झाला. तरी मोर्चेकरी लगेच परतले नाहीत. सभागृहात बोललेले शब्द कचेऱ्यांपर्यंत आदेशाच्या रूपाने पोहोचावेत, ह्यासाठी ते वासिंदलाच तळ ठोकून राहिले आणि १८ मार्च रोजी मोर्चा मागे घेण्यात आला. बोललेला शब्द, सभागृहातील शब्द आणि अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावरील शब्द ह्या तीन भिन्न वस्तू आहेत, हे ज्ञान त्यांना कोणत्याही ग्रंथातून मिळालेले नव्हते.

६. आश्वासनाचे व्याकरण

इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन ह्यांच्या 'हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स' (१९६२) ह्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखविले आहे की, काही वाक्ये केवळ वस्तुस्थिती सांगत नाहीत. ती उच्चारणे हीच एक कृती असते. 'मी वचन देतो' हे असे वाक्य होय. परंतु ती कृती सफल व्हावयाची तर बोलणारा अधिकारी हवा, प्रसंग योग्य हवा आणि शब्द ठरल्याप्रमाणे हवेत. शासकीय आश्वासनास ही कसोटी लावून पाहावी.

मराठी प्रशासनिक गद्यात एक वाक्यरचना विशेष प्रिय आहे : 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' 'करण्यात येणे' ह्या रचनेत कर्ता लोपतो. कार्यवाही कोण करील, केव्हा करील आणि 'योग्य' कोण ठरवील, ह्या तिन्ही प्रश्नांना वाक्य मुकेपणाने उत्तर देते. ह्याच्या शेजारी 'तहसीलदार अमुक तारखेपर्यंत नोंद करतील' हे वाक्य ठेवावे. कर्ता आला, कालमर्यादा आली, क्रियापद सकर्मक व प्रकट झाले. दुसऱ्या वाक्याचा भंग झाला तर तो दाखविता येतो. पहिल्याचा भंगच होऊ शकत नाही. 'शासन सकारात्मक आहे' आणि 'प्रस्ताव विचाराधीन आहे' ही वाक्ये ह्याच कुळातील होत. त्यांत शासनाची मनःस्थिती कळते. कृती कळत नाही.

विशेषणे व क्रियाविशेषणे हीही ह्या खटाटोपातील महत्त्वाची साधने आहेत. जून २०१७ मध्ये पुणतांबे येथून सुरू झालेल्या शेतकरी संपानंतर कर्जमाफीची जी घोषणा झाली तिच्याभोवती 'सरसकट', 'तत्त्वतः' आणि 'निकषांसह' ह्या तीन शब्दांचा वाद दीर्घकाळ चालला. 'सरसकट' आणि 'निकषांसह' हे परस्परविरोधी शब्द आहेत. 'तत्त्वतः' हा त्यांना एकत्र बांधणारा दोरा. संपकऱ्यांनी पहिला शब्द ऐकला, प्रशासनाने तिसरा अंमलात आणला. दबावगटाने मिळविलेला विजय पुष्कळदा अशा एखाद्या क्रियाविशेषणात विरघळून जातो.

उलटपक्षी शब्दाची तडजोड कधी कधी कोंडी फोडतेही. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला. त्यानंतर हिंसाचार झाला आणि १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादकडे 'लाँग मार्च' निघाला. हा शब्द महाराष्ट्राच्या चळवळीत त्या वेळेपासून रुळला. नाशिकच्या मोर्चांनी तो तेथूनच उचलला असावा. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी जे घडले त्याला 'नामांतर' न म्हणता 'नामविस्तार' म्हणण्यात आले. 'अंतर' च्या जागी 'विस्तार' आला, आणि सोळा वर्षांच्या संघर्षास दोन्ही बाजूंना कशीबशी पेलणारी एक संज्ञा सापडली.

७. कोणाच्या वतीने?

दबावगटांविषयीचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की, ते एका भागाचे हित संपूर्ण समाजाचे हित म्हणून पुढे करतात. आक्षेप खरा आहे. परंतु त्याच्या आतही आणखी एक प्रश्न दडलेला आहे. गट ज्यांच्या नावाने बोलतो त्यांनी त्यास तो अधिकार दिला आहे काय? २०१७ च्या शेतकरी संपात काही प्रतिनिधींनी मुख्यमंत्र्यांशी रात्री बोलणी करून ३ जून रोजी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांना ते मान्य झाले नाही. संप चालू राहिला आणि नाशिकच्या बैठकीतून नवी सुकाणू समिती उभी राहिली. 'आम्ही' हे सर्वनाम किती जणांना सामावून घेते, ह्याचा निर्णय त्या आठवड्यात उघड्यावर झाला. सार्वजनिक सभेच्या मुखत्यारपत्रांचे महत्त्व अशा वेळी पुन्हा कळते.

ह्याहून मोठा प्रश्न ज्यांचा गटच नाही त्यांचा. कांदा खुडणाऱ्या व भरणाऱ्या मजूर स्त्रियांची मजुरी कांद्याच्या भावाच्या कोणत्याही मागणीपत्रकात सहसा येत नाही. हंगामी स्थलांतर करणारे कुटुंब ग्रामसभेच्या दिवशी गावात नसते. त्याचा दावा भरला जात नाही. चांदवड येथे नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेने भरविलेल्या महिला अधिवेशनास प्रचंड संख्येने स्त्रिया जमल्या आणि पुढे स्त्रीच्या नावे जमीन करण्याचा 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम निघाला. गटाच्या आतील दुर्बलांना वाणी मिळाली की गटाची मागणीही बदलते, ह्याचा हा पुरावा आहे. परंतु असे प्रसंग विरळ आहेत. ज्याला मोर्चा काढण्याइतकी सवड आणि निवेदन लिहिण्याइतकी भाषा आहे त्याचेच दुःख शासनापर्यंत पोहोचते, ही दबावगटांच्या राजकारणाची मूलभूत मर्यादा होय.

तरीही दबावगट नसते तर काय झाले असते, हे पाहिले पाहिजे. धनवंत व सुशिक्षित हितसंबंधांना रस्त्याची गरज भासत नाही. त्यांचा शब्द दिवाणखान्यातून सचिवालयात पोहोचतो, आणि त्याची नोंदही कोठे होत नाही. मोर्चाची मागणी निदान सर्वांच्या देखत केलेली असते. तिचे शब्द छापलेले असतात, तिला विरोध करता येतो, तिच्यावर वाद घालता येतो. उघड दाबापेक्षा अदृश्य दाब लोकशाहीस अधिक घातक, असे म्हणावे लागते.

८. उपसंहार

कळवण परिसराच्या उदाहरणावरून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. दबावगट शासनावर परिणाम करतो तो संख्येने, हे खरे. परंतु संख्येमुळे फक्त दार उघडते. दारातून आत काय जाते हे शब्द ठरवितात. गाऱ्हाण्याला योग्य संज्ञा सापडली की शासनाला उत्तर देणे भाग पडते. 'अतिक्रमण' च्या जागी 'हक्क' आणि 'भिकेच्या' जागी 'दाम' आला, हे त्याचेच दाखले. आणि आश्वासनात कर्ता, कालमर्यादा व नोंदीची जागा ह्या तीन गोष्टी आल्यावाचून ते पाळले गेले की मोडले हे सांगताच येत नाही.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ह्या क्षेत्रात पुष्कळ काम करता येण्यासारखे आहे. तहसील कचेऱ्यांत दिलेली निवेदने, त्यांवरील शेरे, बैठकांची इतिवृत्ते आणि त्यांतून निघालेले शासननिर्णय एकत्र करून एकाच मागणीचे शब्द टप्प्याटप्प्याने कसे बदलत गेले, ह्याचा आलेख तयार करावा. बोलीतील साक्ष आणि तिचे दाव्यातील मराठी रूप शेजारी ठेवून काय गळले, काय वाढले, हे पाहावे. त्यासाठी कोकणा व अहिराणी बोलींचे ज्ञान लागेल. ते ग्रंथालयात मिळणार नाही, गावी जाऊनच मिळवावे लागेल. असे संशोधन केवळ शास्त्राच्या उपयोगाचे नाही. ज्या वृद्धाची साक्ष चुकीच्या शब्दांत उतरल्यामुळे दावा अपात्र ठरतो, त्याच्या दृष्टीने व्याकरणाची चूक ही जमिनीच्या तुकड्याएवढी मोठी असते.